रंग गेला, पण घाण गेली का?

मागच्या अंकात याच पानावर चार ओळींचं एक उत्तर दिलं होतं, उन्हात ठेवलेल्या निळ्या पाण्याचा रंग पांढऱ्या पावडरीने कसा उडतो याचं. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं पान त्यालाच देतेय. पत्रं लांबलचक होती म्हणून कापून छापलीत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, आमचं इचलकरंजीत छोटं डाईंगचं युनिट आहे, वडील आणि मी बघतो. महिन्याभरापूर्वी एक माणूस आला, काचेच्या बरणीत लाल रंगाचं पाणी, त्यात चमचाभर पांढरी पावडर टाकली, ढवळलं आणि गच्चीवर उन्हात ठेवलं. दोन तासांनी पाणी पांढरं शुभ्र. म्हणाला हे नॅनो-कंपोझिट (वेगवेगळ्या पदार्थांच्या अतिबारीक कणांची जोडपावडर) आहे, सूर्यप्रकाशावर चालतं, वीज नको केमिकल नको, टाकीत टाका आणि विसरा. वडील म्हणतात घेऊया. रोज साधारण एक लाख लिटर पाणी निघतं आमचं. घ्यावं का?

उत्तर : भाऊ, पैसे देण्याआधी विचारलंत हे फार बरं केलंत. त्या माणसाने काही हातचलाखी केली असं मी म्हणत नाहीये हं. ऊन, पावडर आणि रंग एकत्र आले की रंग जातो हे शंभर टक्के खरं आहे, आणि त्यामागचं विज्ञान पन्नास वर्षांहून जुनं आहे. टोकियोत अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइड नावाच्या पदार्थावर अतिनील प्रकाश पाडून पाण्याचं विघटन करून दाखवलं, तो निबंध १९७२ साली ‘नेचर’मध्ये आला. पुढे १९७७ मध्ये अमेरिकेत फ्रँक आणि बार्ड यांनी याच पदार्थाच्या पावडरीने पाण्यातलं सायनाइड मोडून दाखवलं आणि तिथून पाणी साफ करायच्या कामाला जोर आला. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे काही अजब वस्तू नाही, घराला लावायच्या पांढऱ्या रंगात तेच असतं.

होतं काय ते समजून घ्या, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. भरलेली एसटी डोळ्यासमोर आणा. सगळ्या सीटा भरलेल्या, कोणी हलत नाही. पावडरीच्या कणावर योग्य ताकदीचा प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन सीटवरून उठतो. आता दोन गोष्टी तयार झाल्या, एक उठलेला प्रवासी आणि एक रिकामी सीट. ही रिकामी सीट फार हावरी असते, ती शेजारच्या पाण्याच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि तिथे हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. हा रॅडिकल क्लोरिनपेक्षा, ओझोनपेक्षाही जास्त आक्रमक, समोर जो सेंद्रिय रेणू येईल त्याचा लचका तोडतो. आयुष्य मात्र त्याचं अगदी क्षणभराचं, तो लांब जाऊ शकत नाही, कणाच्या पृष्ठभागाला चिकटूनच जे काय व्हायचं ते होतं. आणि खरी अडचण अशी की उठलेले बहुतेक प्रवासी काहीच न करता परत आपल्याच सीटवर येऊन बसतात, म्हणजे प्रकाश आला, थोडी उष्णता झाली आणि संपलं.

आता तुमच्या बरणीकडे येऊ. अ‍ॅझो डायमध्ये (कापडाच्या रंगांचा हा एक मोठा प्रकार) रंग कुठे राहतो माहितेय? दोन नायट्रोजनच्या मधल्या जोडात. तो एक जोड तुटला की डोळ्यांना पाणी पांढरं दिसतं, पण रेणूचे बाकीचे तुकडे, ती बेंझिनची नॅप्थॅलिनची कडी, पाण्यातच असतात. दिसत नाहीत एवढंच. त्यातले काही तुकडे मूळ रंगापेक्षा जास्त विषारी असू शकतात. मिथिलीन ब्लू नावाचा रंग आहे, सगळ्या प्रयोगशाळांत तोच वापरतात, त्याचा रंग घालवायला दोन इलेक्ट्रॉन पुरतात, पण तोच रेणू पूर्ण जाळून त्याचा कार्बन डायऑक्साइड करायचा म्हटलं तर ऑक्सिजनचे साडेपंचवीस रेणू लागतात, दर रेणूमागे चार इलेक्ट्रॉन म्हणजे १०२ इलेक्ट्रॉन. दोन कुठे आणि एकशे दोन कुठे!

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. मी स्वतः जेव्हा या विषयावर काम सुरू केलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात दुपारी तीनच्या सुमारास बीकर पारदर्शक झालेला बघून सगळ्या लॅबला चहा पाजला होता. आठ दिवसांनी सीओडीचा (पाण्यातली घाण मोडायला किती ऑक्सिजन लागेल याच्या मापाचा) रिपोर्ट आला, तो आकडा निम्म्यानेही उतरला नव्हता. सरांनी रिपोर्ट शांतपणे माझ्या हातात दिला आणि एवढंच विचारलं, “रंग गेला, पण घाण गेली का?” तेव्हापासून कोणीही बरणी दाखवली की माझ्या तोंडून पहिलं हेच वाक्य येतं.

आता तुमच्या एक लाख लिटरचा हिशेब मांडू, ढोबळ आहे पण डोळे उघडणारा आहे. साध्या टायटॅनियम डायऑक्साइडला फक्त अतिनील प्रकाश चालतो आणि आपल्या उन्हात तो जेमतेम चार-पाच टक्के. भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण ३० ते ४० वॉट. समजा रोज सहा तास कडक ऊन मिळालं आणि आलेल्या दर शंभर फोटॉनांतले (प्रकाशाच्या कणांतले) पाच खरंच कामी आले (मोठ्या टाकीत पाचसुद्धा जास्तच झाले), तर एक चौरस मीटर जागा दिवसाला साधारण एक ग्रॅम सीओडी कमी करेल. तुमच्या पाण्याचा सीओडी लिटरला एक हजार मिलिग्रॅम धरला तर एक ग्रॅम म्हणजे एक लिटर पाणी. एका चौरस मीटरला दिवसाला एक लिटर. लाख लिटरला लाख चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पंचवीस एकर, आणि तेही पावसाळा सोडून! युनिट केवढं आणि त्याला पंचवीस एकर उन्हाची टाकी, कसं जमायचं. पावडर चांगल्यातली असेल, दिसणारा प्रकाशही पकडत असेल तर आकडा खाली येईल, पण पंचवीस एकराचं गच्चीवर येणार नाही.

शिवाय बरणीतलं पाणी पातळ होतं म्हणून ऊन आरपार गेलं. तुमचं पाणी गडद, त्यात प्रकाश वरच्या पातळ थरातच अडकणार, खालची पावडर अंधारात नुसती बसून राहणार. त्यात रिअ‍ॅक्टिव्ह डाईंग असेल तर डाय-बाथला (रंगवायच्या पाण्याला) लिटरला ३० ते ८० ग्रॅम मीठ आणि वर सोडा, हे तुम्हाला मी काय सांगायचं, रोज पोती तुम्हीच फोडता. ते क्लोराइड आणि कार्बोनेट हायड्रॉक्सिल रॅडिकलला मध्येच गिळतात. तो डायपर्यंत पोचायच्या आधीच संपतो.

आणि पावडर परत कशी काढणार हे त्या माणसाने सांगितलं का? लिटरला एक ग्रॅम धरा, नेहमीचं प्रमाण आहे ते, लाख लिटरला शंभर किलो पावडर. इतके बारीक कण साध्या कपड्यातून गाळले जात नाहीत, खाली नीट बसत नाहीत. ते पाण्याबरोबर नाल्यात, नाल्यातून पंचगंगेत. तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत, त्या नदीत मैलापाणीही जातं आणि कारखान्यांचंही, तिच्यात आता आपण अजून एक नवी वस्तू सोडायची का?

म्हणून तो माणूस परत आला की असं करा. बरणी त्याची नको, पाणी त्याचं नको, तुमच्या नाल्यातलं त्या दिवशीचं पाणी द्या. दोन बरण्या भरा, दोन्हीत त्याचीच पावडर सारखी घाला, एक उन्हात ठेवा आणि एक काळ्या कापडात गुंडाळून त्याच्याच शेजारी ठेवा. काळ्या कापडातली पण पांढरी झाली तर प्रकाशाचा काही संबंध नाही, रंग नुसता पावडरीला चिकटलाय, म्हणजे घाण पाण्यातून गाळात गेली आणि तो गाळ आता तुमच्या गळ्यात. आणि उन्हातल्या बरणीचं आधीचं आणि नंतरचं पाणी सरकारमान्य लॅबमध्ये पाठवून सीओडी आणि टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) काढून घ्या, खर्च त्याच्याकडून. जो खरा आहे तो हसत तयार होईल.

मग हे तंत्रज्ञान कुचकामी आहे का? अजिबात नाही, उलट मला यावर मनापासून विश्वास आहे, म्हणून तर चुकीच्या जागी वापरलेलं बघवत नाही. याची जागा सगळ्यात शेवटी आहे. आधी तुमचं नेहमीचं, पीएच म्हणजे आम्लता जुळवणं, गाळ बसवणं, मग जिवाणूंची टाकी. जिवाणू जे स्वस्तात खातात ते त्यांना खाऊ दे. त्यांना जे पचत नाही, शेवटी जो थोडा हट्टी अंश उरतो, तिथे ही पावडर आणावी, तीसुद्धा पाण्यात सुटी न टाकता काचेवर किंवा जाळीवर पक्की बसवलेली. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात अशा पातळ थरांवर वर्षानुवर्षं काम झालंय, तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. नाल्यातल्या पाण्याचा कॅन घेऊन एकदा तिथे जाऊन या, वडिलांनाही न्या.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, नववीचे वर्ग. मुलांना हे वर्गात दाखवता येईल का? आमच्याकडे लॅब म्हणजे एक कपाट आहे. (एक शिक्षक, सांगोला)

उत्तर : सर, तुमच्याकडे सांगोल्याचं ऊन आहे, याच्यापुढे लॅब काय. झिंक ऑक्साइडची पावडर शाळेला सामान पुरवणाऱ्या दुकानात मिळते, आणि मिथिलीन ब्लू माशांच्या दुकानात, फिश टँकमध्ये बुरशीवर घालतात ते निळं औषध. तीन पांढऱ्या चिनी मातीच्या पसरट बश्या किंवा काचेचे वाडगे घ्या. पसरटच हवेत, खोल नको, का नको ते मुलांनाच विचारा. अर्धा लिटर पाण्यात निळ्याचे थेंब एकेक करून टाका, फिकट आभाळी रंग आला की थांबा, जास्त घट्ट केलंत तर संध्याकाळपर्यंत बसाल.

पहिल्या बशीत नुसतं निळं पाणी, उन्हात. दुसरीत निळं पाणी आणि पाव चमचा पावडर, पण कपाटात अंधारात. तिसरीत दोन्ही, उन्हात. पावडर कोरडी उडवू नका, आधी थोड्या पाण्यात कालवून घ्या म्हणजे नाकात जाणार नाही, आणि निळा हाताला लागला तर दोन दिवस जात नाही तेव्हा मुलांचे पांढरे शर्ट सांभाळा. अकराच्या सुमारास सुरू करा, दर दहा मिनिटांनी लाकडी काडीने हलवा. मग एक गंमत होते ती मुद्दाम बघा. तिसऱ्या बशीतली तळाला बसलेली पावडर सुरुवातीला निळी दिसते, रंग तिला चिकटलेला असतो, आणि मग ती हळूहळू कडेने पांढरी होत येते. हलवणं थांबवून जिथे तुम्ही काडीची सावली पाडून ठेवाल तिथे निळी राहते! ही सावलीची रेघ एकदा पोरांनी पाहिली की प्रकाशाने काम होतंय हे वेगळं सांगावं लागत नाही. पहिली बशीसुद्धा थोडी फिकट होईल, कारण हा रंग नुसत्या उन्हानेही हळूहळू उडतो, ते लपवू नका, तेही वहीत लिहायला लावा. किती वेळ लागेल ते ऊन आणि रंगाचा घट्टपणा यावर आहे.

संपल्यावर पाणी ओढ्यात ओतू नका, जस्त माशांना मानवत नाही. रात्रभर बसू द्या, वरचं पाणी अंगणातल्या मातीत जिरवा आणि तळची पावडर वाळवून पुढच्या तुकडीला तीच वापरा. उत्प्रेरक म्हणजे जो स्वतः खर्ची पडत नाही ही व्याख्या मुलं घोकतात, त्यांना ती पावडर दुसऱ्यांदा काम करताना दिसेल.

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझं प्रोजेक्ट झिंक ऑक्साइड आणि ग्राफिटिक कार्बन नायट्राइडच्या कंपोझिटवर. व्हिजिबल लाइटमध्ये (डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात) ६० मिनिटांत ९८ टक्के मिथिलीन ब्लू डिग्रेड झाला. तीच पावडर पाच वेळा वापरून पाहिली. गाइड म्हणतात पेपर पाठव, पण एक सीनियर म्हणाली की हे पुरेसं नाही. नेमकं काय कमी आहे? आणि दोन पदार्थ एकत्र केल्याने खरंच फरक पडतो की नुसतं फॅशन आहे? (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : तुझी सीनियर शहाणी आहे, तिला सोडू नकोस.

आधी दुसरा प्रश्न. फॅशन थोडीफार आहेच, पण मूळ कल्पना भक्कम आहे. वर एसटीचं उदाहरण दिलं तेच पुढे ने. झिंक ऑक्साइडचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला सीटवरून उठवायला लागणारी कमीत कमी ऊर्जा, साधारण ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट, टायटॅनियम डायऑक्साइडच्या अ‍ॅनाटेज या स्फटिकरूपाचा ३.२, म्हणजे ३८७ नॅनोमीटरपेक्षा लांब लहरी त्याला दिसतच नाहीत. कार्बन नायट्राइडचा २.७, तो ४६० नॅनोमीटरपर्यंतचा निळा-जांभळा प्रकाशही घेतो. दोघं एकमेकांना नीट चिकटलेले असतील तर एकात उठलेला इलेक्ट्रॉन दुसऱ्यात उतरतो आणि रिकामी सीट पहिल्यातच राहते. प्रवासी एका गाडीत, सीट दुसऱ्या गाडीत, मग परत बसणार कसा? कंपोझिटची सगळी करामत या ताटातुटीत आहे. चांदीचे कण किंवा ग्राफीन लावतात तेही इलेक्ट्रॉनला पळवून नेण्यासाठीच. पण ‘नीट चिकटलेले’ हा शब्द महत्त्वाचा, खलबत्त्यात दोन पावडरी घोटल्या की कंपोझिट झालं असं नसतं, तुझ्या नुसत्या मिश्रणाचा आणि कंपोझिटचा आलेख शेजारी-शेजारी दाखव.

आता काय कमी आहे. मिथिलीन ब्लू स्वतःच ६६४ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो. म्हणजे तुझ्या दिव्याखाली प्रकाश कोण खातंय, तुझं कंपोझिट की रंग? रंगानेच प्रकाश घेतला आणि इलेक्ट्रॉन पावडरीत सोडला तरी रंग उडतो, आणि श्रेय मात्र कंपोझिट घेऊन जातं. म्हणून एक बिनरंगी रेणू घे, फिनॉल घे, सॅलिसिलिक अ‍ॅसिड घे, त्यावर तुझं कंपोझिट व्हिजिबलमध्ये चाललं तर मी मानेन. दिव्याला ४२० नॅनोमीटरचा कट-ऑफ फिल्टर (त्याहून आखूड लहरी अडवणारा) लावला होतास ना? नसेल तर ते व्हिजिबल नाही, दिव्यातलं अतिनील झिंक ऑक्साइडला मिळतंय.

अंधारात अर्धा तास ढवळून रंगाचं पावडरीला चिकटणं स्थिरावू दिलंस का, आणि तुझे ९८ टक्के त्या आधीपासून मोजलेस की नंतरपासून? अंधारातच ६० टक्के गेला असेल तर ती चिकटलेली घाण आहे. टीओसी काढ, तुमच्याकडे मशीन नसेल तर जिथे आहे तिथे नमुने पाठव, चार नमुने पुरतात. आणि प्रयोग झाल्यावर पाण्यात जस्त किती उतरलं तेही बघ, झिंक ऑक्साइड उजेडात स्वतःही थोडं विरघळतं, आम्लात तर फारच. कॅडमियम सल्फाइडचं तर विचारू नकोस, रंग मोडता मोडता ते स्वतः झिजून पाण्यात कॅडमियम सोडतं. पाणी साफ करायला निघालो आणि कॅडमियम घातलं, असले पेपर बघितले की माझा जीव तुटतो गं.

पाच वेळा तीच पावडर वापरलीस असं लिहिलंयस, पण दर वेळी सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवून पावडर वेगळी करणाऱ्या यंत्रात) किती उरली? चुंबकाने ओढता यावी म्हणून आत मॅग्नेटाइटचा गाभा ठेवायचा विचार असेल तर मध्ये सिलिकाचा थर विसरू नकोस, नाहीतर लोखंड विरघळायला लागतं आणि कंपोझिट मंद पडतं. आणि एकदा तरी डिस्टिल्ड वॉटर सोडून खऱ्या नाल्याचं पाणी घे, सांगलीत त्याला तोटा नाही. आकडा ९८ वरून ४० वर येईल कदाचित. येऊ दे. तो ४० छाप, कारण कार्बन नायट्राइड बनवताना भट्टीसमोर बसून, युरियाच्या मुशीचं झाकण सैल राहिलं म्हणून ५५० अंशांवर सगळा माल वाफ होऊन गेलेला बघून परत सकाळी पहिल्यापासून सुरू करणं काय असतं हे मला माहितेय, एवढे कष्ट खोट्या ९८ वर घालवू नकोस.

प्रश्न : घरी यूव्हीचा प्युरिफायर आहे. म्हणजे पाण्यातली औषधं, कीटकनाशकं वगैरे त्यात मोडली जातात का? की ‘फोटोकॅटॅलिटिक’ लिहिलेला नवा घ्यावा? (एक गृहिणी, पुणे)

उत्तर : नाही ताई, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोटोकॅटॅलिटिक म्हणजे वर सांगितलेली प्रकाश आणि पावडरीची पद्धत. तुमच्या घरच्या दिव्याचा प्रकाश २५४ नॅनोमीटरचा, तो जंतूंच्या डीएनएला इजा करून त्यांची वाढ थांबवतो. पाणी काही सेकंदांत त्याच्या समोरून निघून जातं, तेवढ्यात कीटकनाशकाचा रेणू मोडत नाही. त्यासाठी कार्बनची कांडी आणि आरओचा पडदा, तेही वेळेवर बदललेले. कार्बन वर्षानुवर्षं तोच ठेवला तर त्याच्यात आणखी धरायला जागाच उरत नाही. नव्या यंत्रावर कुठला शब्द छापलाय त्यापेक्षा कुठल्या रसायनासाठी, किती लिटरपर्यंत तपासलंय हे कागदावर मागा, नाही दिलं तर आहे तेच ठीक. पारदर्शक प्लास्टिकची पेट बाटली सहा तास उन्हात ठेवायची पद्धत कोणीतरी तुम्हाला सांगेल, गढूळ नसलेल्या पाण्यातले जंतू मारायला ती चांगली आहे आणि गरजेला खूप लोकांनी वापरलीय, पण रसायनांवर तिचा इलाज नाही.

प्रश्न : आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी-भुरी या बुरशीच्या रोगांवरच्या फवारण्या सतत चालू असतात, ब्लोअर (फवारणीचं यंत्र) धुतलं की ते पाणी सरळ ओढ्याला जातं, सगळेच तसं करतात. आमच्याकडे ऊन भरपूर, मग उन्हावर चालणारी अशी टाकी बांधता येईल का? ओढ्याखाली आमच्याच भावकीची विहीर आहे. (एक बागायतदार)

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. डाईंगवाल्याला मी नको म्हटलं, पण तुमचं प्रकरण वेगळं आहे, कारण तुमचं पाणी थोडं आहे आणि त्यातलं औषध जिवाणूंना सहजासहजी पचत नाही, म्हणजे हे तंत्र जिथे शोभतं नेमकी तीच जागा.

आणि हे झालेलंही आहे. स्पेनच्या दक्षिणेला अल्मेरिया म्हणून प्रांत आहे, तिथे मैलोन्‌मैल प्लास्टिकची ग्रीनहाउस, टोमॅटो, ढोबळी मिरची. औषधांच्या रिकाम्या बाटल्यांचे ढीग. त्याच प्रांतात ताबेर्नासच्या ओसाड माळावर सूर्यऊर्जेचं मोठं संशोधन केंद्र आहे, तिथल्या लोकांनी काचेच्या नळ्या आणि त्यांच्या मागे वळणदार आरसे अशी रचना केली, म्हणजे ऊन नळीच्या पुढूनही येतं आणि मागूनही. बाटल्या तुकडे करून धुवायच्या आणि ते धुण्याचं पाणी या नळ्यांमधून फिरवायचं. पण लक्षात घ्या, तिथे शेवटी टायटॅनियमची पावडर न घेता फोटो-फेंटन पद्धत घेतली, म्हणजे लोहाचा क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, वरून ऊन. कारण लोह पाण्यात विरघळलेलं असतं त्यामुळे पावडर गाळायची कटकट नाही आणि ते दिसणाऱ्या प्रकाशाचाही काही भाग घेतं. पाणी मात्र चांगलंच आंबट करावं लागतं, पीएच पावणेतीनच्या आसपास, आणि पेरॉक्साइड हाताळणं जोखमीचं. एकट्या बागायतदाराच्या गोठ्यामागे हे मी सांगणार नाही. दहा-वीस गावांच्या संघाने, एखाद्या केमिस्टला पगारावर ठेवून, धुण्याची एक सामाईक जागा करून चालवलं तर नक्की चालेल, आणि असं कोणी करणार असेल तर मला कळवा, मी स्वतः येईन.

एक मात्र आधीच सांगून ठेवते. बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारता ना? त्यातल्या मोरचुदाचं तांबं कुठल्याही प्रकाशाने, कुठल्याही नॅनो-कंपोझिटने मोडत नाही. सेंद्रिय रेणू तोडता येतो, तांबं हे मूलद्रव्य, ते तांबंच राहतं. त्यामुळे बोर्डोचं धुणं आणि बाकी औषधांचं धुणं एकत्र करू नका.

तोवर उद्या सकाळपासून करता येईल असं सांगते. औषधाची बाटली रिकामी झाली की तीनदा खळखळून धुवायची आणि तिन्ही वेळचं पाणी फवारणीच्या टाकीतच ओतायचं, मग बाटलीला भोकं पाडायची म्हणजे घरात कोणी तेलाला वापरणार नाही. ब्लोअरच्या टाकीत शेवटी थोडं पाणी घालून तेही बागेतच शेवटच्या ओळींवर फवारून टाकायचं. आणि ब्लोअर धुवायची जागा ओढ्यापासून आणि विहिरीपासून लांब हलवा. तिथे खड्डा करून त्यात पेंढा, माती आणि कोकोपीट मिसळून भरा, तळाला जाड प्लास्टिक अंथरा आणि वर पावसाचं पाणी शिरू नये म्हणून पत्रा. धुण्याचं पाणी त्यात जिरवायचं. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकापासून शेतकरी असे खड्डे वापरतायत, तिथे कोकोपीटऐवजी दलदलीतलं पीट घालतात. पेंढ्यावर वाढणारी बुरशी आणि मातीतले जिवाणू बरीचशी औषधं सावकाश मोडत राहतात. पेंढा दर वर्षी खाली बसतो, छाटणीच्या आधी वरून नवीन भर घाला, आणि भावकीच्या विहिरीचं पाणी एकदा लॅबला पाठवा, कीटकनाशकांच्या अंशांची तपासणी असं स्पष्ट सांगून, नाहीतर ते नुसता क्षार बघून रिपोर्ट देतात.